दुसरा साक्षीदार

"टपाल आलं का गं?"

"नाही, बाबा."

अकराच्या सुमारास हा प्रश्न ठरलेला, आणि उत्तरही. टपालपेटीची किल्ली मुलीकडेच असे. बाबांचे गुडघे आता जिना उतरू देत नसत. उत्तर ऐकून ते पुन्हा खोलीभर येरझाऱ्या घालू लागले.

गावानं त्यांचं नाव 'पूलवाले' ठेवलं होतं. युद्धात शत्रू पलीकडच्या काठाला येऊन भिडला, तेव्हा सुरुंगाचा खटका दाबून त्यांनी पूल उडवला आणि गाव वाचलं, हे शेंबडं पोरही सांगायचं. पुढे त्यांनी त्या लढाईचा इतिहास लिहायला घेतला. एकोणीस प्रकरणं झाली. विसावं, पुलाचं, तेवढं कोरं. दोन साक्षीदार असल्याशिवाय ओळ लिहायची नाही, ही त्यांची काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या साक्षीदारासाठी त्यांनी जुन्या सैनिकांना शंभरेक पत्रं धाडली होती.

त्या दिवशी नगराध्यक्ष आले. नव्या पुलावर बाबांच्या नावाची पाटी लावायची होती. बाबा भिंतीवरच्या सात तसबिरी पुसत होते. लढाईत गेलेले गावचे सात जण. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

"पाटी नको. आधी साक्षीदार मिळू दे."

"अहो सर, अख्खं गाव साक्षीला आहे की."

"गाव तेव्हा तळघरात होतं."

नगराध्यक्षांना हसू आवरेना. जिन्यात ते मुलीला म्हणाले, पाय धड होते तेव्हाही तुमचे बाबा नवा पूल टाळून दोन कोसांचा वळसा घालायचे. विनय असावा तर असा. तिला बरं वाटलं.

संध्याकाळी तिनं विषय काढलाच. "लिहून टाका ना बाबा. कोण खोटं म्हणणार आहे तुम्हाला?"

"कुणी म्हटलं तर बरं होईल," ते म्हणाले आणि पुन्हा फेऱ्या मारू लागले. तिला वाटलं, झालं, म्हातारपणचा हेका.

सकाळी ती चहा घेऊन गेली, तेव्हा ते उठले नाहीत.

डॉक्टर येऊन गेले. भाऊ पोचायला अजून दोन तास होते. एका जागी बसवेना, म्हणून ती बाबांचं टेबल आवरू लागली. विसाव्या प्रकरणाच्या फाइलीला तिनं कधी हात लावला नव्हता. आत एकच कार्ड होतं, कडा झिजलेलं.

'खटका मी दाबला. आपले सात जण अजून पुलावर होते. पहिला साक्षीदार: मी. दुसरा:'

पुढे कोरं.

ती कार्ड हातात धरून उभी राहिली. मग आपल्या कपाटाशी गेली आणि तळच्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. पुलाखाली सुरुंगाच्या तारेवर पहारा देणाऱ्या सैनिकाचं पत्र. बाबांचं गावातलं नाव राहावं म्हणून अकरा वर्षांपूर्वी तिनंच ते तिथं सारलं होतं.

ती येऊन त्यांच्या उशाशी बसली.

"टपाल आलं होतं, बाबा. तुमची तार आधीच तुटली होती. पूल शत्रूच्या तोफेनं पाडला."