नगरपरिषदेचा गुंड्या

"ही बाई नगरपरिषदेला गुंड म्हणते आणि तू बघत बसलायस? ब्लॉक कर तिला!" मुख्याधिकारी साहेबांनी मोबाईल टेबलावर आपटला.

नगरपरिषदेच्या फेसबुक पेजवर 'अपरिहार्य कारणास्तव आज पाणी बंद' एवढंच टाकलेलं. त्याखाली कमेंट होती, "गुंड्या, लोकांना आदल्या दिवशी सांगावं रे. जेवलास का?" अन् तिच्याखाली चिडलेल्या गावानं लिहिलेलं, "बरोबर बोललात मावशी, गुंडच आहेत सगळे!"

पेज सांभाळणारा पोरगा कंत्राटी. साहेबांनी मनात आणलं तर उद्यापासून घरी. तरी तो म्हणाला, "नाही करणार साहेब. गुंड्या म्हणजे मी. लहानपणी गोलमटोल होतो. पेजवर मी लिहितो, म्हणून आई इथंच बोलते. तिला फोनवर ऐकू येत नाही."

साहेबांनी कमेंट पुन्हा वाचली. पाणी बंद ठेवण्याचं कारण अपरिहार्य-बिपरिहार्य काही नव्हतं. टाकी धुवायची आधीच ठरलेली, कळवायचं राहिलेलं.

"मोठ्या अक्षरांत लिही," ते हळूच म्हणाले. "टाकी धुतोय. संध्याकाळी पाणी सोडतो. कळवायला आम्ही चुकलो." मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, "आता नाही ना रे रागावणार त्या?"