कटकट

ऑफिसचं सॉफ्टवेअर बदललं आणि साहेबांच्या ईमेलमधला प्रत्येक फोल्डर दोनदा दिसू लागला. "आधी कळवायला काय धाड भरली होती?" असं चारचौघांत विचारून त्यांनी कॉम्प्युटर विभागाच्या बाईंच्या हातात मेमो ठेवला.

बाईंनी तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि साहेबांच्या खुर्चीत बसून जोडीतला एकेक फोल्डर उडवायला घेतला. 'कटकट' नावाच्या फोल्डरपाशी त्यांचा हात थांबला. आत बाईंनीच पाठवलेले नऊ मेल होते, एकही न उघडलेला: 'फोल्डर दुप्पट होतील, आधी एवढं करून घ्या.' ते परस्पर तिथे पडावेत ही सोय साहेबांनीच केली होती.

मागे उभ्या साहेबांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

बाईंनी मान न वळवता हळूच विचारलं, "यातला एक काढू, साहेब, की दोन्ही?"