श्रद्धांजलीचा कागद

बोरगाव मेघेतल्या एका महिला मंडळात कोणी वारलं की श्रद्धांजली रुख्मिणीबाईच लिहायच्या. तीस वर्षांत कागद एकच राहिला, वरचं नाव तेवढं बदलत गेलं. आता त्या स्वतःच अंथरुणाला खिळल्या होत्या. भेटायला आलेल्या जुन्या मैत्रिणींना म्हणाल्या, "माह्या काही आठवणी असतीन तं मी जिती आहो तवरच सांगा."

सरिताबाईंनी डोळे पुसले. "तुहा हसरा चेहरा अन् तुह्या हातचे मुगाचे पापड आम्ही कधी विसरणार नाई."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

रुख्मिणीबाईंनी जन्मात पापड लाटला नव्हता. पापड गोपिकाबाईंचे. पहिली श्रद्धांजली त्यांच्यासाठीच लिहिली होती.

"अजून काही आठवते?" त्यांनी हळूच विचारलं.

सरिताबाईंनी पर्समधून चष्मा काढला. "थांब जराशी. कागद आणला मी सोबत."