गरम पत्रा

"हे रूळ वॅगनवर चढवू नकोस," म्हातारा मिस्त्री धापा टाकत म्हणाला.

तपासनीस बाईनं रुळांतली भेग शोधणाऱ्या मशीनवरून मान वर केली. बाई कसली, त्याचीच पोर! कारखान्यात तो तिला गमतीनं मॅडम म्हणायचा. आज त्याच्या तोंडून मॅडम निघेना.

"बाबा, दोनदा तपासलेत. केसाएवढी भेग नाही कुठे. आणि माझा शिक्का बसलाय त्यांच्यावर. पहिलाच शिक्का!"

"आज नाही दिसायची भेग. तीन-चार दिवसांनी दिसेल. तोवर हे रूळ कुठल्या कुठे गेलेले असतील."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. वितळलेलं पोलाद ज्या अजस्र बादलीत घेतात, तिला आतून नव्या विटा लावल्या की ती जाळावर पुरती सुकवावी लागते. विटांत ओल राहिली तर तिचा वायू पोलादात शिरतो, आणि चांगला दिसणारा रूळ पुढे कधीतरी पोटातून चिरतो. बादली सुकली की नाही, हे सांगणारा पठ्ठ्या एकच, तिचा बाप. बादलीच्या अंगाला असलेल्या भोकापाशी तो थंडगार पत्रा धरायचा. पत्र्यावर दव आलं तर थांबा, नाही आलं तर ओता. एकोणतीस वर्षं त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"पत्रा कोरडा नव्हता का?" तिनं विचारलं.

"कोरडाच होता गं. पण नेमका भट्टीपाशी पडलेला. गरम पत्र्यावर कसलं दव येतंय, कप्पाळ! हातमोजा काढून पत्रा ठेवायला गेलो, तेव्हा चटका बसला. तोवर मी 'ओता' म्हणून मान हलवून मोकळा झालो होतो. तेव्हाच ओरडायला हवं होतं. सगळे बघत होते... लाज वाटली. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही."

क्रेनवाला हॉर्न देत होता. ती हळूच म्हणाली, "मशीन बिघडलं होतं, असं लिहिते. रूळ थांबतील. तुझं नाव कुठे यायचं नाही. निवृत्तीला चारच महिने तर उरलेत तुझ्या."

खोटं कशाला बोला, त्याला क्षणभर हायसं वाटलं. पोरीनं किती अलगद सोडवलं होतं!

"मग लोक मशीन उघडून बसतील," तो म्हणाला, "आणि पत्रा तिथंच भट्टीपाशी पडून राहील. माझ्यानंतर येणाराही तोच उचलेल. खरं काय ते लिही."

तिनं हात करून क्रेन थांबवली. फॉर्म काढला. 'चूक कोणाची' या रकान्याशी पेन अडलं. तिनं बाहीनं डोळे पुसले. मग मान वर न करता, समोर कुणी परका माणूस उभा असावा तशी म्हणाली,

"पूर्ण नाव सांगा."

त्यानं सांगितलं. सावकाश, तिला नीट लिहून घेता येईल असं.