बिनशब्दांचं पान

"चित्रं बघायला डोळे पुरतात, बाई. त्यासाठी शाळा लागत नाही," भाषेचे सर म्हणाले आणि फळीवरची एक चित्रकादंबरी दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी टेबलावर टाकली. मेलेलं झुरळ टाकावं तशी.

ग्रंथपाल बाईंनी ती उचलून नीट ठेवली. ही तीस पुस्तकं त्यांनीच हट्टाने मागवली होती. ठेवायची की दुकानात परत धाडायची, ते मोठ्या बाईंनी सरांवर सोडलं होतं. सरांनी ते दारातच ठरवून टाकलं होतं.

"खोक्यात भरा. घोडी झालीत सातवीत, आणि वाचतात काय, तर चित्रांतल्या बोलण्याचे फुगे!"

वाचनाच्या तासाला बसलेला सातवीचा वर्ग हसला. सर विनोद करून थांबत, तेव्हा हसायचं असतं हे पोरांना ठाऊक होतं. खिडकीजवळची एक मुलगी तेवढी हसली नाही. तिने ऐकलंच नव्हतं. ती वाचत होती. वर्गात तिला 'ब्रेक' म्हणत. मोठ्याने वाचायला लावलं की ती दर शब्दाला अडायची. नाव सरांनीच ठेवलेलं.

"अरे वा! ब्रेकबाईसुद्धा वाचतायत!"

सरांनी तिच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. उघड्या पानावर सहा चौकटी होत्या. अक्षर एकही नव्हतं. सरांना घबाडच सापडलं. त्यांनी ते पान सगळ्या वर्गाला फिरवून दाखवलं.

"बघा, अख्खं पान कोरं! एवढं तरी येईल ना गं? ऊठ. वाच मोठ्याने."

मुलगी उठली. थट्टा तिला कळली नसावी. तिने पुस्तक सरांच्या हातातच थोडं आपल्याकडे वळवलं.

"शाळा सुटलीय. ही मैत्रिणींबरोबर फाटकातून बाहेर येतेय. समोर तिचे बाबा रस्ता झाडतायत. तिने त्यांना बघितलं आणि मान वळवली. बाबांना ते दिसलं. म्हणून तेच पाठ फिरवून उभे राहिले. म्हणजे तिला ओळख न दाखवता जाता येईल. मैत्रिणी पुढे गेल्या. हिचा पाय आता उचलत नाहीये."

ती कुठेही अडली नाही.

हसायच्या तयारीत असलेली तोंडं तशीच राहिली. मागची चारपाच पोरं उठून पान बघायला पुढे आली. ग्रंथपाल बाईंनी खोक्यात भरलेली पुस्तकं काढून पुन्हा फळीवर लावायला घेतली. सरांना विचारलंसुद्धा नाही.

"कुठे लिहिलंय हे?" सर ओरडले. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. "दाखव मला. कुठे लिहिलंय?"

मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पहिलीच्या पोराला दाखवावं तसं तिने चौकटीवर बोट ठेवलं.

"इथे बघा, सर. आधी त्यांची पाठ. मग हिचे पाय. घाई नका करू."