कोणतीही आवृत्ती

अद्ययावत केल्यापासून आमच्या मंगळुरूच्या कार्यालयातले सॉफ्टवेअर बंद पडले होते. त्याला श्रीलताने लिहिलेल्या पॅकेजची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, पाचवी आवृत्ती हवी होती. श्रीलता, माझी पत्नी, मार्चमध्ये वारली. चौथी तिची शेवटची.

"भट्रे, पाचवी आली की! आज दुपारीच," माझा सहकारी गुरुकिरण मला ओरडून म्हणाला. "सकाळपासून उगाच तोंड पाडून बसलात."

मी डिजिटल सही तपासली. सही तिचीच होती. ती उमटवणारी गुप्त किल्ली फक्त तिच्या लॅपटॉपमध्ये होती, आणि तो मी एप्रिलमध्येच फोडला होता.

पॅकेज चालायला काय काय लागते, ती यादी उघडली. तीत एकच नाव होते, माझे. पुढे, आवृत्तीचा आकडा असतो त्या जागी, लिहिले होते : कोणतीही आवृत्ती चालेल.

"बसवू ना, भट्रे?"

नाही म्हणण्याजोगे माझ्यात काही उरले नव्हते.