धर्मशाळेच्या भिंतीतील दगड

घोटीजवळील आमच्या गावची दगडी धर्मशाळा सन २००३ मध्ये एका अंगाने खचली होती. अनुदान न मिळाल्यास येत्या पावसाळ्यात ती कोसळणार, हे निश्चित होते. ती दोनशे वर्षांची असल्याचा पुरावा म्हणजे भिंतीतील एक कोरीव दगड, आणि त्यावरील साल प्रत्यक्ष वाचल्याखेरीज अनुदान नाही, असे नाशिकच्या पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी कळविले होते. म्हणून माझा मित्र गोटीरामने आणि मी तीन दिवस तो दगड घासून धुतला, अक्षर न् अक्षर उजळविले, आणि चौथ्या दिवशी सकाळी साहेबांच्या जीपला सामोरे गेलो.

साहेबांना घेऊन परत येऊन पाहतो, तो दगड शेंदराने आपादमस्तक माखलेला! समोर नारळ फुटलेला, आणि धर्मशाळा झाडणाऱ्या अक्काबाई हात जोडून उभ्या.

"अगं अक्का, हे काय केलंस?" गोटीराम ओरडला.

"तुमालाच लाज नाय!" अक्काबाई उसळल्या. "तीन दिस दोघं मिळून त्याला आंघोळ घालताय, एवढा मोठा साहेब नाशकाहून त्याला बघाया येतोय, आन् देव तसाच उघडा ठेवायचा का रे? बघा आता, कसा लय भारी दिसतोय!"

मी शेंदूर खरवडण्यास हात पुढे केला, तोच साहेबांनी माझे मनगट घट्ट धरले.



मग त्यांनी बूट काढले, मनोभावे नमस्कार केला आणि अहवालात लिहिले, "शिलालेख आढळला नाही. देवस्थान जागृत आहे."